वगळलेल्या वस्तूंचे रजिस्टर

बँकेत एखादी गोष्ट वगळली तर तिला अफरातफर म्हणतात आणि चित्रात वगळली तर तिला रचना म्हणतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले. त्याआधी मी फक्त बँकेत होतो.

चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या स्थिरचित्रापाशीच तुटला होता. समोर टेबलावर एक तांब्या, दोन केळी आणि एक वांगे ठेवले होते. माझे चित्र बराच वेळ निरखून मास्तरांनी ‘यातला तांब्या कोणता?’ एवढेच विचारले, आणि पुढे मी कॉमर्सला गेलो. कॉमर्समध्ये एक बरे असते. बेरीज चुकली तरी ती बेरीज आहे, हे बघणाऱ्याला ओळखू येते.

मध्ये सत्तावीस वर्षे गेली. आमच्या मुलीने एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी जलरंगांची पेटी घेतली. परीक्षा झाली, ग्रेड मिळाली आणि पेटी माळ्यावर गेली. दिवाळीच्या साफसफाईत हिने ती खाली काढली आणि विचारले, “भंगारात टाकू का?” मी उघडून पाहिले. बारापैकी नऊ ट्यूब जिवंत होत्या. नऊ चालती खाती व्यवहार नाहीत म्हणून बंद करणे माझ्या रक्तात नाही. मी पेटी ठेवून घेतली. हिला वाटले, चार दिवसांचे खूळ आहे. मलाही तसेच वाटले होते.

जलरंगच का, असे पुष्कळांनी विचारले. तैलरंगाला स्वतंत्र खोली लागते, वास येतो आणि चित्र वाळायला महिना लागतो. आमच्या दोन खोल्यांत ओले काहीही महिनाभर राहू शकत नाही. पावसाळ्यातले कपडे हा एकच अपवाद. जलरंग डब्याच्या पिशवीत मावतात. आसनगावहून कसारा लोकल पकडायच्या आत चित्र वाळते. शिवाय मुख्य माध्यम पाणी, आणि ते फुकट असते. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती. या समजुतीचे पुढे काय झाले, तेच सांगायला मी बसलो आहे.

जलरंगाचे नियम वाचले आणि मी चकितच झालो. हे तर आमचेच मॅन्युअल! जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरा राखून ठेवायचा असतो. एकदा खर्च केलात की परत मिळत नाही. म्हणजे बचत खाते. आधी फिके, मग गडद. उलटे चालत नाही. आणि खाडाखोड तर बिलकूल नाही. चेकवर जशी खाडाखोड केली की तो परत जातो, तसा जलरंगात एकच भाग तीनदा घासला की कागदाची लव उठते, रंगांचा चिखल होतो आणि चित्र परत जाते. कुठे जाते ते आमच्या कचऱ्याच्या डब्याला विचारा. सावळाराम हळदणकरांनी हातात दिवा घेतलेल्या मुलीचे जे जगप्रसिद्ध चित्र काढले, जे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, ते जलरंगात आहे हे कळल्यावर मी दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. तो सगळा उजेड त्या गृहस्थांनी वाचवून ठेवलेल्या कागदाच्या जिवावर पाडला आहे. एवढी शिल्लक सांभाळणारा माणूस आमच्या हेड ऑफिसातही निघायचा नाही.

आता चित्र काढायचे कशाचे? मुंबईच्या चित्रकारांची सोय असते. गेटवे आहे, बोरीबंदर आहे, राजाबाई टॉवर आहे; वळले तिकडे एकेक इमारत पोझ देऊन उभीच. पुण्याच्या मिलिंद मुळीकांची जलरंगावरची पुस्तके मी आणली, तर त्यातल्या भिजलेल्या रस्त्यांकडे पाहून मला आपणही ओल्या गल्लीत राहायला जावे असे वाटू लागले. पण शहापूर-मुरबाडच्या माणसाने करायचे काय? मग ध्यानात आले की आपल्याकडे दगडाची कमतरता नाही. माहुली आहे. ठाणे जिल्ह्यातला हा उंच किल्ला. १६३६ साली शहाजीराजांना मोगल-आदिलशाही फौजांपुढे शरण जावे लागले ते इथे. बाल शिवाजीराजे आणि जिजाऊ तेव्हा बरोबर होत्या असे सांगतात. मुरबाडकडे सिद्धगड आहे, गोरखगड आहे आणि वैशाखऱ्यावरून चढले की नाणेघाट आहे. नाणेघाटावर माझा विशेष जीव. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण म्हणजे आमच्या व्यवसायाचे आद्य काउंटर, आणि गुहेतला नागनिका राणीचा लेख म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे खतावणीचे पान. किती गायी दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापण दिले, सगळे आकड्यांत! तिथे जाऊन मी रांजणाचे चित्र काढले. ते पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, इडली छान आली आहे.”

तर मुद्दा वगळण्याचा. एका रविवारी आसनगावच्या बाजूने मी माहुली रंगवला. नवरा, नवरी, भटोबा हे सुळके ओळखू येतील असे आले. निदान वऱ्हाड आहे एवढे कळत होते. सोमवारी चित्र बँकेत नेले. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि त्यांच्यामधून चित्र फिरले. त्याला लसणीच्या चटणीचा एक ठिपका लागला. हेड कॅशियर म्हणाले, ‘पलाश छान टिपलात.’ मी आभार मानले. तेवढ्यात आमचे शिपाईमामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “साहेब, मनोरे कुठं गेले?”

“कसले मनोरे?”

“विजेचे. तिथनं तीन दिसतात. त्यातला मधला माझ्या चुलत्याच्या शेतात आहे.”

“मामा, चित्रात ते बरे दिसत नाहीत. म्हणून वगळले.”

“चुलत्यालाही बरा दिसत नाही,” मामा म्हणाले, “पण त्याला वगळता येत नाही. तुम्ही एका ब्रशात वगळलात. नशीबवान.”

झाले! त्या दिवशी जेवणाची सुट्टी सात मिनिटे लांबली. युनियनचे प्रतिनिधी म्हणाले की कलावंताला स्वातंत्र्य असते आणि त्यावर व्यवस्थापनाने गदा आणता कामा नये. मॅनेजरसाहेब म्हणाले की त्यांचा काही संबंध नाही. कर्ज विभागातल्या बाईंनी सरळ विचारले, “उद्या एखाद्या शेतकऱ्याने जमिनीच्या कागदात मनोरा दाखवला नाही तर तुम्ही कर्ज मंजूर कराल?” मी म्हटले, “नाही.” “मग?” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डब्याचे झाकण असे लावले की विषय संपला.

माझ्यापुरता मात्र तो सुरू झाला. गेली वीस वर्षे संध्याकाळी रोकड जुळली नाही तर मी घरी गेलेलो नाही. दोन रुपये कमी आले तर खिशातून घालायचे नाहीत आणि दोन रुपये जास्त आले तर खिशात घालायचे नाहीत. ते फरकाच्या खात्यात नोंदवायचे, ही आमची गीता. असा माणूस रविवारी सकाळी डोंगरावरचे तीन टन लोखंड बिनबोभाट गायब करतो, म्हणजे काय? शेवटी मी माझ्या स्वभावाला धरून उपाय काढला. दोनशे पानी वही आणली, उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिले: ‘वगळलेल्या वस्तूंचे रजिस्टर’. रकाने पाच. तारीख, स्थळ, वगळलेली वस्तू, कारण, शेरा. नमुन्यादाखल काही नोंदी देतो:

माहुली, आसनगाव बाजू. विजेचे मनोरे, नग ३. कारण: आकाशाला टाके घातल्यासारखे दिसते.

मुरबाड एसटी स्टँड. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, नग ११. कारण: चेहरे काढता येत नाहीत.

सरळगावचा बाजार. मोटारसायकली, नग अगणित. कारण: चाके गोल येत नाहीत.

सिद्धगड. सिद्धगड, नग १. कारण: धुके. शेरा: ही वगळणूक निसर्गाची आहे, माझी नाही.

रजिस्टर ठेवल्यापासून मला शांत झोप लागू लागली. नोंद केली की पाप अर्धे होते, ही आमच्या खात्यातली जुनी श्रद्धा आहे. ऑडिटर येतो, नोंद बघतो, सही करतो, चहा पितो. उरलेले अर्धे पाप चहाबरोबर जाते.

पण विचार करण्याची खोड एकदा लागली की ती वहीत मावत नाही. एका दुपारी पासबुके छापता छापता माझ्या डोक्यात आले की ज्या खतावणीच्या सचोटीची मी एवढी फुशारकी मारतो, तीसुद्धा वगळतेच की! पासबुकात ‘रोख काढले, रुपये २०००’ असे छापले. खरे आहे, पैचा फरक नाही. पण ते मुलीच्या फीसाठी काढले, सासऱ्याच्या औषधासाठी काढले की म्हशाच्या जत्रेत बैल बघायला काढले, ते त्यात नाही. माणूस आख्खा वगळून आम्ही त्याचा आकडा तेवढा ठेवतो आणि रात्री जुळला म्हणून सुखाने जेवतो. मग वगळणे हे पाप असेल तर मी रविवारी फक्त ओव्हरटाइम करत होतो.

यातून एक तत्त्व मी काढले. वगळणे वाईट नाही, वगळून फसवणे वाईट. पासबुकात कारण नसते हे खातेदाराला ठाऊक असते, म्हणून ती फसवणूक नाही. घरच्या भिंतीवरच्या चित्रात खांब नसला तर कोणी त्या खांबाच्या भरवशावर बसलेले नसते. तत्त्व चांगले होते. शिपाईमामांना ऐकवले तर तेही म्हणाले, “बराबर.” पण मामा कोणत्याही तत्त्वाला बराबर म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

याच सुमारास मला एक पूर्वज सापडला. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. हौशी चित्रकार, कुठल्या कलाशाळेत न गेलेला, म्हणजे अगदी आमच्यातला. हिंदुस्थानच्या पश्चिम भागातली दृश्ये, वेशभूषा आणि इमारती यांचे त्याचे रंगीत चित्रांचे पुस्तक १८२६ ते १८३० या काळात लंडनला निघाले. आणि गंमत पुढे आहे. याच गृहस्थाने १८२८ साली लंडनला जी पेढी काढली, तिचीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली! बँकवाला आणि देखावे रंगवणारा, दोन्ही एका अंगरख्यात. मी हे हिला अभिमानाने सांगितले. ही म्हणाली, “त्याने बँक काढली. तुम्ही बँकेतून सुट्टी काढता.” फरक आहे, मी नाकारत नाही.

त्या काळच्या साहेबांच्या देखाव्यांत एक गोष्ट मला नेहमी दिसते. मागे भव्य डोंगर, मध्ये पडकी कमान, आणि पुढे कोपऱ्यात दोनचार माणसे. कोणी घडा घेतलेली, कोणी काठी टेकून उभी. ती कोण, हे विचारायचे नसते. ती डोंगर किती मोठा आहे हे कळावे म्हणून असतात. आजच्या पुस्तकांतही तोच सल्ला आहे: निसर्गचित्रात दोनतीन मानवाकृती टाकाव्यात, त्याने प्रमाण कळते आणि चित्र जिवंत होते. शक्य तर एकीला लाल रंग द्यावा, म्हणजे हिरव्यावर उठून दिसते. सल्ला मी तोंडपाठ केला आणि मे महिन्यातल्या एका रविवारी भातसा धरणाच्या जलाशयाकडे स्कूटर काढली.

भातसा म्हणजे आमच्या तालुक्याचा समुद्र. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकटा भातसा पुरवतो. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. आमच्या शहापूर तालुक्याच्या उशापायथ्याशी ही सगळी तळी, आणि मे महिना आला की तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात येते. दर उन्हाळ्यात येणारी बातमी वाचायची नसते, इतकेच.

एका पाड्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली मी बैठक मारली. देखावा अव्वल होता. खाली निळा पट्टा, पाणी उतरल्यामुळे त्याच्या कडेने तांबूस पांढरी किनार, पलीकडे जांभळे डोंगर, आणि जवळच्या पायवाटेने हंडे घेतलेल्या बायका. लाल, पिवळी, लाल. जणू पुस्तकानेच पाठवल्या होत्या. मी तीन ठिपके दिले, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक छोटा चकचकीत ठिपका दिला, त्यासाठी कागदाचा पांढरा आधीच राखून ठेवला होता. चित्र जिवंत झाले. मी खूश झालो.

एवढ्यात पाणी संपले. लिटरभर आणले होते, त्यातले अर्धे मी प्यालो होतो आणि अर्ध्याचा चिखल झाला होता. जवळच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मी म्हटले, “आजी, थोडं पाणी मिळेल का?” ती उठली, आत गेली आणि माठातले गार पाणी तांब्याभर घेऊन आली. मी ते घेऊन झाडाखाली आलो, अर्धे डब्यात ओतले, ब्रश बुडवला. बर्न्ट सिएनाने पाणी क्षणात चहासारखे झाले. चित्रकार लोक जसे ऐटीत फेकतात तसे मी ते दगडांवर फेकले, उरलेले अर्धे ओतले, त्यात निळा ब्रश धुतला आणि तेही फेकले.

म्हातारी हळूहळू माझ्यापाशी आली. ओल्या दगडाकडे पाहत म्हणाली, “प्यायला नव्हतं मागितलंस?”

“नाही आजी. रंगाला.”

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तसं सांगायचंस. भांडी घासल्यालं ठेवलं हाय, ते दिलं असतं. रंगाला चाललं असतं का ते?”

रागावली असती तर बरे झाले असते. रागाला उत्तर देता येते. वीस वर्षे काउंटरवर मी दुसरे काय केले आहे? ती फक्त चौकशी करत होती. तिच्या घरात पाण्याचे वर्ग होते. आमच्याकडे चालू, बचत आणि मुदत ठेव असते तसे. अंघोळीचे भांड्यांना, भांड्यांचे कोंबड्यांना आणि झाडाला; आणि माठातले, ते कोणी प्यायला मागितले तरच. मी तिची मुदत ठेव मोडून तिच्यात ब्रश धुतला होता आणि तिने व्याजाबद्दल अक्षर काढले नव्हते.

मग ती चित्राकडे वळली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. माझ्या तीन ठिपक्यांकडे बोट करून तिने विचारले, “या बाया जात्यात का येत्यात?”

मी गडबडलो. “येतायत,” मी ठोकून दिले.

“मंग हंडा भरल्याला असंल.”

“हो.”

“मंग मान अशी नसती. भरल्या हंड्याखाली बाई इकडंतिकडं बघत नाय. आन हात असा सुटा नसतो.”

“मग जातायत असं समजा.”

“जाताना रिकामा हंडा डोईवर कशाला घेईल? काखंत घेईल.”

मास्तरांनंतर सत्तावीस वर्षांनी माझ्या चित्राची इतकी नेमकी तपासणी कोणी केली नव्हती. मी आजूबाजूला पाहिले. पायवाटेने खरोखरच एक बाई काखेत हंडा घेऊन उतरत होती, आणि एक चढून येत होती. चढणारीची मान अशी ताठ होती की जणू तिच्यावर घर उभे आहे. दोघी सकाळपासून माझ्या समोरून जात येत होत्या. मी त्यांना तीन तास पाहिले होते, म्हणजे त्यांच्या साड्या पाहिल्या होत्या.

मी सामान आवरू लागलो. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, “तू बँकेतला ना? काचेच्या मागं बसतोस. माझा अंगठा उठत नाय म्हणून दोन टायमाला परत धाडलंस.”

खरे होते. निराधार योजनेचे पैसे घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत, ही आमच्या शाखेतली नेहमीची बाब. दोरखंड ओढून, माती कालवून, भांडी घासून रेषा झिजलेल्या असतात. मशीन म्हणते, ओळख पटली नाही. आम्ही म्हणतो, आजी, पुढच्या वेळी या. मशीनने तिला ओळखले नव्हते, आणि आता ओट्यावर पाहूनही मी तिला ओळखले नव्हते. तिने मात्र मला काचेमागून, खालमानेने आकडे टिपताना पाहूनसुद्धा ओळखले होते.

त्या रात्री रजिस्टर उघडून मी बसलो. तारीख लिहिली, स्थळ लिहिले, ‘वगळलेली वस्तू’ या रकान्यापाशी पेन थांबले. वगळले होते काय? काहीच नाही! बायका होत्या, हंडे होते, जलाशय होता. माझ्या तत्त्वाप्रमाणे हे सगळ्यांत प्रामाणिक चित्र होते. पण चित्र खोटे होते, हे मला आणि तिला ठाऊक होते. मनोरा मी वगळला तेव्हा निदान तो बघितला होता. बघितल्याशिवाय वगळता येत नाही. या तिघींना मी चित्रात घेतले होते ते न बघताच. एखाद्याला चित्रातून काढून टाकणे बरे की त्याला ठिपका करून आत ठेवणे बरे, हा प्रश्न कॉमर्सच्या कोणत्याही वर्षाला नव्हता.

आमच्याच भागातली वारली चित्रे आठवा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती माणसे तर ठिपक्यांपेक्षा थोडीच मोठी. दोन त्रिकोण आणि चार काड्या. पण त्यातली बाई लावणी करते आहे की कांडते आहे, हे शंभर पावलांवरून कळते. काढणाऱ्याने ते काम केलेले असते किंवा करणारीच्या शेजारी तो वाढलेला असतो. म्हणजे दोष ठिपक्याचा नाही. ठिपका लहान असायला हरकत नाही. हंडा भरलेला की रिकामा हे त्याला माहीत पाहिजे.

यावर एक मित्र म्हणाला, ‘तू नीट बघितलेस म्हणून त्या पाड्यात नळ येणार आहे का?’ नाही येणार. हे मी आधीच मान्य करून टाकतो. चांगले चित्र काढून कोणाची एक खेप वाचत नाही, आणि वाईट वाटून घेणे तर पाण्याहून स्वस्त आहे. पण बँकेत मला एक शिकवले आहे: फरक भरून काढता येत नसेल तर निदान तो लपवू नये. एवढे मात्र केले, की पुढच्या महिन्यात आजी शाखेत आली तेव्हा काचेच्या बाहेर येऊन तिची एकेक करून सगळी बोटे लावून पाहिली. नवव्या बोटाला, डाव्या करंगळीला, मशीनने ओळख दिली. करंगळी कामाला कमी लागते, त्यामुळे तिच्या रेषा शाबूत होत्या. मागचे दोन हेलपाटे माझ्या नावावर आहेतच. त्यांची रिकव्हरी शक्य नाही.

त्या पाड्यावर मी नंतर चार वेळा गेलो, पिण्याचे आणि रंगाचे पाणी स्वतःचे नेऊन. ब्रश धुतलेले पाणी मोहाच्या मुळाशी घालतो. आजी म्हणते, “निळी मोहं येतील.” चौथ्या चित्रात बायका जमल्या. उतरणारीच्या काखेत हंडा, चढणारीची मान ताठ. आजीने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ही दमलीया.” मला एलिमेंटरीची ए ग्रेड मिळाली.

ते चित्र मी शाखेत टेबलाच्या काचेखाली ठेवले. एक दिवस प्लॉट विकणारे एक गृहस्थ चेक भरायला आले आणि चित्रावर लुब्ध झाले. जलाशयाचे दर्शन, दुसरे घर, निसर्गाच्या कुशीत वगैरे त्यांचे पत्रक छापायचे होते. म्हणाले, “पाच हजार देतो. मोबाइलचा टॉवर नाही काढलात ते फार बरं केलंत.” टॉवर मी तिथे बसलो तेथून दिसतच नाही, पण ते असो. पाच हजार! आमच्या घरात चित्रकलेवर झालेला खर्च भरून निघून हिला एक साडी आली असती. मी मनातल्या मनात लाल रंगही ठरवला.

“फक्त एक करा,” ते म्हणाले, “या बायका तेवढ्या काढून टाका. गिऱ्हाइकाला पाणीटंचाई वाटते.”

इथे मी तत्त्व सांगितले, छाती पुढे काढून नकार दिला, असे लिहायला मला आवडेल. प्रत्यक्षात मी विचारात पडलो होतो. आणि मग माझ्या तोंडून खरे तेच निघाले. “साहेब, हे जलरंग आहेत. यात एकदा आलेलं काढता येत नाही.”

“मग नवीन काढा, बायकांशिवाय.”

“नवीन काढलं तरी त्या दिसतील,” मी म्हणालो. कशा दिसतील ते मला समजावून सांगता आले नाही. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, पावती घेतली आणि ते गेले. पत्रकावर पुढे दुसराच कुठला तरी तलाव छापून आला. त्यात दोन हंस होते.

हिला हे सगळे सांगितले. ती पाच हजारांवर काही बोलली नाही. चित्र फ्रेम करून आणले आणि दाराजवळच्या पॅसेजमध्ये लावले. मी भारावलो. नंतर ध्यानात आले की तिथे विजेच्या मीटरची पेटी आहे आणि ती उघडी दिसायची. आता दिसत नाही. मी रजिस्टर काढले आणि नोंद केली:

स्थळ: आमचे घर. वगळलेली वस्तू: विजेचा मीटर, नग १. कारण: बरे दिसत नाही. शेरा: रीडिंग घ्यायला माणूस आला की चित्र उतरवून ठेवणे.

आणि त्या पानावर सहावा रकाना ओढला. त्याचे नाव ‘न दिसलेले’. तो रिकामा आहे. न दिसलेले कसे लिहिणार? पण रकाना ठेवला आहे. फरकाच्या खात्यात शिल्लक शून्य असली तरी आम्ही ते खाते बंद करत नाही.